खुराड्याचं आपोआप उघडमीट होणारं दार: टायमर की सेन्सर, दोरी की अ‍ॅक्चुएटर?

परसदार
संगमेश्वर तालुक्यात घराच्या मागच्या अंगाला ६ × ४ फुटांचं खुराडं आहे. जमिनीपासून दीड फूट उचललेलं, पुढची भिंत ४ फूट, वर पत्रा, बाजूंना षटकोनी जाळी. आत ११ गावठी कोंबड्या, १ कोंबडा आणि २ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या). दिवेलागणीला दार लावायला रोज कोणी घरी असेलच असं नाही, आणि रात्री उदमांजराचा वावर आहे. ऑनलाइन बघितलं तर बहुतेक तयार दारं उजेडाच्या सेन्सरवर चालणारी आणि दोरीने वर ओढली जाणारी दिसतात. दुसरा पर्याय म्हणजे १२ व्होल्टचा लिनिअर अ‍ॅक्चुएटर (मोटरने दांडा सरळ पुढे-मागे सरकवणारी नळी) आणून स्वतः जुळवणं. वायरिंग आणि पत्र्याचं काम जमतं. वीज १० मीटरवर आहे, पण पावसाळ्यात तिचा भरवसा नाही. सेन्सर घ्यावा की टायमर? दोरी की अ‍ॅक्चुएटर? सोलर लागेल का?

दिवेलागण
टायमर. सेन्सरवाली दारं ज्या देशांत चालतात तिथलं गणित वेगळं आहे. लंडनला डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री सव्वानऊनंतर. तिथे टायमर लावला तर दर आठवड्याला वेळ बदलत बसावं लागेल, म्हणून सेन्सर. आपल्याकडे रत्नागिरीच्या पट्ट्यात सूर्यास्त नोव्हेंबरात सहाच्या आसपास आणि जुलैत सव्वासातच्या आसपास होतो. वर्षभरात फरक सव्वा तासाचा. वर्षातून तीन-चार वेळा टायमर बदलला की झालं.

उलट आपल्याकडे बेभरवशाचं काय असेल तर आभाळ. जूनच्या सरींत दुपारी साडेचारलाच असा काळोख दाटतो की सेन्सर रात्र झाली समजून दार लावतो. कोंबड्या बाहेर भिजत बसतात, आणि पाऊस उघडून दार परत उघडलं तरी तोवर अर्ध्या फणसावर चढलेल्या असतात. दुसरी बाजूही आहे. पडवीतला एलईडी किंवा वळणावरच्या गाडीचा झोत सेन्सरवर पडला तर रात्री दार उघडं राहतं. सेन्सरवर कोळ्याने जाळं विणलं तर सकाळी उघडायला उशीर.

बंद करायची वेळ सूर्यास्तानंतर ३५ मिनिटांनी ठेवा. सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटं संधिप्रकाश असतो आणि शेवटची कोंबडी त्यातच आत शिरते. म्हणजे नोव्हेंबरात ६:३५, जुलैत ७:५०. उघडायची वेळ वर्षभर एकच ठेवली तरी चालेल, सव्वासात. आणखी उशिरा, साडेआठला उघडलं तर बरीचशी अंडी खुराड्यातच मिळतात, पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तेवढा वेळ कोंडू नका.

तारतंत्र
टायमरबद्दल सहमत. आता यंत्रणा.

दोरीची अडचण अशी की दार वाटेत अडकलं तरी मोटर फिरत राहते, दोरी सैल पडते आणि रिळावर उलटी गुंडाळली जाते. मग बंद करायच्या वेळी दार वर जातं. सुती दोरी पावसात फुगते ते वेगळंच. उंची कमी असेल तर दोरीशिवाय इलाज नाही, पण तुमची भिंत ४ फूट आहे, अ‍ॅक्चुएटर बसेल. ३०० मिमी स्ट्रोकचा, म्हणजे दांडा तेवढा सरकणारा, अ‍ॅक्चुएटर मिटलेला साधारण ४० सेंमी असतो, म्हणून दाराच्या वर, दांडा खाली करून, पुढे सांगतोय तसा जोडलात तर उंबऱ्यापासून वर साडेतीन फूट जागा लागते. मापं घेऊनच ऑर्डर करा.

दाराला २ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्या. २५ × ३५ सेंमीचा तुकडा जेमतेम पावणेपाचशे ग्रॅम भरतो. प्लायवूड नको, श्रावणात फुगून रुतून बसतं. दोन्ही बाजूंना यू-चॅनल, आत मिळून ४-५ मिमी सैल. घट्ट बसवलंत तर पहिल्याच चिखलात अडकेल. खालच्या कडेपुढे बाहेरून २५ मिमीची पट्टी लावा, म्हणजे दार बंद असताना त्याची कड पट्टीमागे लपते आणि उदमांजराला नखं घालून उचलायला जागा मिळत नाही. खाली खोबण ठेवू नका, ती विष्ठेने आणि तुसाने भरते आणि दार बोटभर वरच राहतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अ‍ॅक्चुएटर दाराला थेट बोल्टने पक्का करायचा नाही. बाजारातले स्वस्त अ‍ॅक्चुएटर ७५० ते १५०० न्यूटनचे असतात, म्हणजे ७५ ते १५० किलोचा दाब. मध्ये कोंबडी आली तर तिचा भुगा होईल, अ‍ॅक्चुएटरला कळणारही नाही. दाराच्या आतल्या अंगाला १० मिमीचे स्पेसर देऊन २५ × ३ मिमीची पट्टी बसवा. तिच्यात ७ मिमी रुंद आणि स्ट्रोकपेक्षा किंचित जास्त, ३१ सेंमी लांब उभी खाच काढा. दांड्याच्या टोकाचा एम-६ बोल्ट त्या खाचेत मोकळा फिरला पाहिजे. वर जाताना बोल्ट खाचेच्या वरच्या टोकाला लागून दार उचलतो. खाली येताना दार फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं. मध्ये काही आलं तर दार तिथेच टेकतं आणि बोल्ट खाचेतून एकटा खाली जातो. सोललेला नारळ उंबऱ्यावर ठेवून बघा. दार नारळावर टेकून थांबायला हवं, आणि नारळ काढला की आपणहून खाली पडायला हवं.

परसदार
खाचेची कल्पना पटली. पण टायमरने मोटर उलट-सुलट कशी फिरवायची? एकच टायमर आणि डीपीडीटी रिले (मोटरच्या दोन्ही वायरींची अदलाबदल करणारा विजेवर चालणारा स्विच) असं एका व्हिडिओत पाहिलं.

तारतंत्र
चालतं, पण रिले दिवसभर ओढलेला राहतो. टायमरचा रिले आणि बाहेरचा मिळून ८० मिलिअँपिअर धरा, १२ तासांत जवळपास १ अँपिअर-अवर. ७ अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे साडेतीन दिवसांत खेळ खलास. दार स्वतः किती खातं? २ अँपिअरने ३० सेकंद, दिवसातून दोनदा, म्हणजे ०.०३३ अँपिअर-अवर. बॅटरी दार हलवण्यात संपतच नाही, नुसतं वाट बघण्यात संपते.

त्यापेक्षा १२ व्होल्टचे दोन डिजिटल टायमर घ्या, ज्यांच्या रिलेची कॉमन, एनओ (रिले लागला की कॉमनला जोडलं जाणारं) आणि एनसी (एरवी जोडलेलं असणारं) अशी तिन्ही टोकं बाहेर असतात ते. दोन्हींचे कॉमन अ‍ॅक्चुएटरच्या दोन वायरींना. दोन्ही एनओ बॅटरीच्या अधिक टोकाला, दोन्ही एनसी उणे टोकाला. पहिला टायमर सकाळी १ मिनिट चालू, दुसरा संध्याकाळी १ मिनिट चालू. ३० सेकंदांत स्ट्रोक पुरा होतो आणि आतला लिमिट स्विच मोटर थांबवतो. घेताना लिमिट स्विच आत आहेत ना, हे विचारूनच घ्या. चुकून दोन्ही टायमर एकदम लागले तरी शॉर्ट होत नाही, मोटर फक्त जागची हलत नाही. बॅटरीच्या अधिक टोकाला ५ अँपिअरचा फ्यूज हवाच.

या जोडणीला ७ अँपिअर-अवरची बॅटरी आणि १० वॅटचं पॅनल, मध्ये छोटा चार्ज कंट्रोलर, एवढं पुरतं. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, आंब्याच्या सावलीबाहेर. बॅटरी खुराड्याजवळच ठेवा. घरातून १० मीटर ०.५ चौ. मिमीच्या वायरने आणलंत तर ३ अँपिअरला दोन व्होल्ट वाटेतच जातात आणि दार कण्हत वर चढतं. आणायचंच असेल तर १.५ चौ. मिमी वायर.

गावठी_अंडं
दारावर एवढी चर्चा झाली, पण तुमची षटकोनी जाळी तशीच राहिली तर पैसे पाण्यात. ती कोंबड्या आत ठेवते, उदमांजराला बाहेर ठेवत नाही. निदान खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंची वेल्डमेश (तारा डागून केलेली चौकोनी जाळी) लावा, आणि जमीन फळ्यांची असेल तर त्यांच्या फटींनाही. मोठ्या भोकांतून सापही येतो.

मुंगूस दिवसा शिकार करतं. रात्री लागणाऱ्या दाराचा त्याच्यापुढे काही उपयोग नाही, ही अपेक्षा आधीच काढून टाका.

गावठी कोंबड्यांचं खरं दुखणं झाडावर बसण्याचं. दार बसवल्यावर आठवडाभर त्यांना आतच कोंडा, दाणा-पाणी आत. नंतर संध्याकाळचा दाणा आतच टाकायचा, बंद व्हायच्या अर्धा तास आधी. आत छोटा पिवळसर एलईडी पंधरा-वीस मिनिटं लावलात तर तलंगा लवकर शिकतात, कारण काळोख्या भोकात शिरायला त्या बिचकतात. पहिले पंधरा दिवस दार लागल्यावर बॅटरी मारून मोजा. बाहेर राहिलेलीला उचलून आत ठेवा, दार पुन्हा उघडून वाट बघू नका, आतल्या बाहेर येतात.

दाराचा उंबरा तुसाच्या थरापेक्षा ५-७ सेंमी वर हवा, नाहीतर कोंबड्या उकरून तूस दारातच आणून टाकतात.

दिवेलागण
एक राहिलं. टायमरच्या डबीला वायरींची भोकं खालूनच पाडा, वरून किंवा बाजूने नाही, आणि केबल ग्लँड (वायरीभोवती भोक घट्ट बंद करणारं बूच) लावा. पाण्यापेक्षा मुंग्या जास्त छळतात. रिलेच्या डबीत घर करतात आणि कॉन्टॅक्टमध्ये चिरडून बसतात, मग टायमर टिक करतो पण दार हलत नाही. पाल आत शिरली तर तेच. महिन्यातून एकदा झाकण उघडून कुंचला फिरवा आणि त्याच वेळी टायमरचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा, स्वस्त टायमर महिन्याला मिनिट-दोन मिनिटं पुढे-मागे जातात. यू-चॅनलला तेल-ग्रीस लावू नका, धूळ धरून कणकेसारखी होते. मेणबत्ती घासली की पुरे.