निगेटिव्ह कॅम्बरला ‘चाक आत’ म्हणावं का?

चाकोरी
माझ्याकडे 1990 ची माझदा मियाटा आहे. दोन माणसांची छोटी स्पोर्ट्स कार, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. मिशिगनमध्ये राहतो, उन्हाळ्यात ट्रॅकवर नेतो. अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांच्या कोनांचे, आकडे ठरवताना बाबांना फोन करतोच, कारण त्यांनी कऱ्हाडला तीस वर्षं गॅरेज चालवलंय.

परवा म्हणालो, "पुढची चाकं दीड अंश आत घेतोय." ते म्हणाले, "एवढी? अरे, टायर खाऊन टाकेल गाडी!" मला म्हणायचा होता निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा गाडीकडे कललेला. त्यांनी घेतला टो-इन, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींकडे वळलेल्या. मराठीत दोन्ही ‘आत’च. कॅम्बर, टो आणि कास्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याची तिरप) यांना वेगवेगळे शब्द सुचवा. बाबांना सगळे आकडे कागदावर लिहून पाठवायचेत.

लोहारगल्ली
कॅम्बरला ‘कल’. चाकाशेजारी ओळंबा सोडला की रिमची वरची आणि खालची कड दोऱ्यापासून किती लांब आहे ते दिसतं. "माथा ओळंब्यातून आत" म्हणा, गवंड्यालाही कळेल. टो-आउटला आमच्याकडे "चाकं फाकलीत" म्हणतात. मग टो-इनला ‘मिटलेली’ का नको?

मात्रा
‘कल’ उत्तम. पण मग ऋण कल, धन कल असं नीट म्हणा. गणितात हे शब्द आपण शाळेपासून वापरतो.

कोयनाकाठ
गॅरेजमध्ये ‘ऋण कल’ म्हणून बघा, कोणी मान वर करणार नाही. कॅम्बर, टो हे आता मराठीच शब्द झालेत, पंक्चरवाल्यालाही कळतात. आणि जुनाच शब्द हवा तर ‘फेंगडं’ घ्या. बैलगाडीचा तुंबा झिजून चाक डुलायला लागलं की आजोबा म्हणायचे, "चाक फेंगडं झालं."

मात्रा
फेंगडं म्हणजे माथा बाहेर की नाक बाहेर? ‘आत’चा घोळ सोडवायला निघालो आणि ‘फेंगडं’मध्ये तोच घोळ घेऊन आलो.

चाकोरी
मात्रा, अगदी हेच. माझ्यासाठी हा फरक जीव की प्राण आहे. वळणावर गाडी बाहेर झुकते आणि बाहेरच्या चाकाचा माथाही बाहेर जातो. तो आधीच आत कललेला असेल तर नेमक्या त्या क्षणी टायर रस्त्यावर सपाट बसतो. फार कलवला तर सरळ रस्त्यावर आतली कड झिजते आणि ब्रेकला पकड कमी मिळते. टोचं काम निराळं. मागची चाकं मी किंचित ‘मिटलेली’ ठेवतो, त्यामुळे जोरात ब्रेक मारला तरी मागची बाजू स्थिर राहते. पुढे टो शून्य.

अजून एक अडचण. टो अंश-मिनिटांत देतात. मी "दहा मिनिटं" लिहिलं, तर बाबांना वाटलं कामाला लागणारा वेळ.

दुर्बीण
त्याला आपल्याकडे शब्द आहे की! अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा विकला. पंचांगात ग्रहांचे भोग, म्हणजे राशिचक्रातल्या जागा, अंश-कलांतच असतात. "दहा कला" लिहा.

लोहारगल्ली
कला कशाला, सूत घ्या. इंचाचा आठवा भाग. शिवाय रेसिंगवाले आजही गाडीच्या दोन्ही बाजूंना मध्यरेषेला समांतर दोरा ताणतात आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर मोजतात. माझ्या मते अलाइनमेंटला ‘सुतात आणणं’ याहून चांगला शब्द नाही.

चाकोरी
‘सुतात आणणं’ फार आवडलं. पण माप म्हणून सूत जाड पडतं. 14 इंची रिमवर दहा कला म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, सुताचा तिसरा हिस्सा.

कोयनाकाठ
सूत म्हणजे सारथीसुद्धा! सूतपुत्र कर्ण. रथाची चाकं सुतात ठेवणारा तो सूत. शब्द गाडीचाच आहे.

मात्रा
नाही हो. दोरा या अर्थाचं सूत ‘सूत्र’वरून आलं. सारथी या अर्थाचा ‘सूत’ संस्कृतातलाच, वेगळा शब्द. सूत्राशी नातं आहे ते सुताराचं, सूत्रधार वरून.

कोयनाकाठ
सुतार रथ करायचा, सूत हाकायचा. इतकी जवळीक योगायोगाने होत नाही. मला पटत नाही.

चाकोरी
बाबांशी बोललो. "माथा ओळंब्यातून आत" लगेच कळलं. ‘मिटलेली’ त्यांना मान्य नाही. ते म्हणतात, "चाकाचं नाक आत, नाक बाहेर म्हण." मात्रा, तुमच्या तोंडून ‘नाक’ आपसूक आलंच होतं!

कास्टर मात्र राहिलाच. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो वरून मागे कललेला असतो, म्हणून हात सोडला की स्टेअरिंग आपोआप सरळ येतं. कोन वाढवला की स्टेअरिंग जड होतं. यालाही ‘कल’ म्हटलं तर पुन्हा गोंधळ.

लोहारगल्ली
मागे रेललेला, म्हणून ‘रेल’?

मात्रा
रेल म्हटलं की आगगाडी.

दुर्बीण
सायकलच्या पुढच्या काट्याला तीच तिरप असते ना? आमच्याकडे त्या काट्याला चिमटा म्हणतात. सायकल दुरुस्त करणारे त्या तिरपीला काय म्हणतात, उद्या कोपऱ्यावरच्या काकांना विचारून येतो.