जिम मार्टिन: संमतीपत्र आणि एन्टेरिक

प्रश्न पडतो की पहिल्या महायुद्धात चौदा वर्षांच्या पोराला ऑस्ट्रेलियन सैन्यात घेतलंच कसं. जिम मार्टिनने एप्रिल १९१५ मध्ये मेलबर्नला वय १८ सांगितलं. एकविसाच्या आतल्यांना आईबापांची लेखी संमती लागायची, आणि ती त्याने मिळवली. नाही दिलीत तर दुसऱ्या नावाने भरती होईन आणि पत्रही पाठवणार नाही, अशी धमकी देऊन! कोणती आई यापुढे टिकेल? बापाला आधीच सैन्याने नाकारलं होतं, म्हणून पोराला जास्तच चेव.

गॅलिपोलीला, म्हणजे तुर्कस्तानातल्या युद्धभूमीवर, पोचण्याआधीच लेम्नॉस या ग्रीक बेटाजवळ त्यांच्या 'साउथलँड' जहाजावर टॉर्पेडो आदळला. जिम कित्येक तास पाण्यात होता. तरी सप्टेंबरात खंदकात हजर. घरी लिहिलेल्या पत्रांत तक्रार एकच, तुमची पत्रं येत नाहीत.

आणि हो, तो गोळी लागून गेला नाही. एन्टेरिक, म्हणजे आपला विषमज्वर. माश्या, घाण पाणी, न पुरलेली प्रेतं. तिथे आजाराने माणसं खंदकांतून रोज हलवावी लागत. २५ ऑक्टोबरला 'ग्लेनार्ट कॅसल' या रुग्णालय-जहाजावर हृदय बंद पडून तो गेला. वय १४ वर्षं ९ महिने. दफन समुद्रातच, त्यामुळे कबर नाही. गॅलिपोलीतल्या लोन पाइन स्मारकावर नाव आहे.