पूलमधला दिवा लागत नाही (आणि कोजागिरी शनिवारी!)

प्रेषक: गिल्बर्टकर
रविवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार.

यंदाची कोजागिरी आमच्या अंगणात, हे ठरलंच आहे. पंचांगातली बुधवारी, मंडळाची शनिवारी, नेहमीप्रमाणे. आज सहज स्विमिंग पूलचा दिवा लावून बघावा म्हटलं तर लागेना. पंप चालू, अंगणातले बाकीचे दिवे चालू, फक्त पाण्यातला बंद.

शनिवारी तीस-चाळीस माणसं, त्यात दहा-बारा पोरं. पौर्णिमा उलटून तीन दिवस झालेले असतील, म्हणजे अंधार पडल्यावरही चंद्राची चांगली तास-दीड तास वाट बघावी लागणार. तेवढा वेळ अंगणाच्या मधोमध काळंभोर पाणी, आणि भोवती पळणारी पोरं. नको वाटतं.

बल्ब गेला असेल तर बदलतात कसा? पूल रिकामा करावा लागतो का?

---

प्रेषक: टेंपीच्या काकू
सोमवार, सकाळी ७:१५

विषय वाचून मला वाटलं, आमच्या टेंपीच्या पुलावरचा दिवा गेला. म्हटलं, तो हा कशाला दुरुस्त करतोय!

बरं, दूध किती गॅलन आणायचं? मागच्या वर्षी चार आणलं, आटवल्यावर शेवटच्या दहा जणांना नुसता वास मिळाला.

---

प्रेषक: मेसाकर काका
सोमवार, सकाळी ९:०२

अरे गिल्बर्टकरा, पूल अजिबात रिकामा करू नकोस. आणि बल्बच्या मागे लगेच लागू नकोस. आधी फुकटातलं बघ.

पॅनेलमधला ब्रेकर उडालाय का ते बघ. तो ठीक असेल तर जीएफसीआय शोध, म्हणजे वीज कुठे पाझरली की लगेच तोडणारा सुरक्षा-स्विच. कधी तो ब्रेकरमध्येच असतो, कधी पंपाजवळच्या नाहीतर पॅटिओवरच्या एखाद्या आउटलेटमध्ये, मधे दोन बटणं असलेल्या. ही आउटलेटं हमखास बार्बेक्यूच्या नाहीतर खोक्यांच्या मागे लपलेली असतात. दिव्याचा स्विच बंद ठेवून रीसेट दाब, मग स्विच चालू कर. लगेच उडतो, थोड्या वेळाने उडतो की उडतच नाही, ते नीट बघून कळव. निदान त्यावर आहे.

आणखी एक. पंपाजवळच्या भिंतीवर ट्रान्सफॉर्मरची पेटी आहे का? असेल तर दिवा १२ व्होल्टचा. नसेल तर सरळ १२० व्होल्ट पाण्यात गेलेत असं धर आणि त्या बेताने वाग.

---

प्रेषक: गिल्बर्टकर
सोमवार, रात्री ९:३०

काका, सापडला. पोरांच्या सायकलींच्या मागे. रीसेट दाबला की बसतो. दिव्याचा स्विच चालू केला की दोन-तीन सेकंदांत खट्! पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. पहिल्या वेळी क्षणभर पाण्यात पिवळट उजेड दिसल्यासारखा वाटला, म्हणजे बल्ब बहुतेक जिवंत आहे.

ट्रान्सफॉर्मर नाही. घर १९९८ चं, दिवा मूळचाच.

---

प्रेषक: चँडलरकर
सोमवार, रात्री १०:०५

आमचंही असंच व्हायचं. जुने जीएफसीआय उगाच उडतात. तो काढून साधा आउटलेट बसव किंवा वायर थेट जोड. शनिवार तर निभेल, पुढचं पुढे बघू.

---

प्रेषक: मेसाकर काका
सोमवार, रात्री १०:२१

चँडलरकर, तुमच्याशी भांडण नाही, पण हा सल्ला मागे घ्या. आणि गिल्बर्टकरा, आता स्विचला पुन्हा हात लावू नकोस. पाच वेळा करून पाहिलंस तेवढं पुरे. पॅनेलमधला ब्रेकर बंद करून त्यावर चिकटपट्टी लाव आणि तोवर कुणी पाण्यात उतरायचं नाही.

मी एमएसईबीत सबस्टेशनवर आयुष्य काढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जीएफसीआय एवढंच बघतो की एका तारेने गेलेला करंट दुसरीने तेवढाच परत आला की नाही. ५ मिलीअँपच्या आसपास फरक पडला की तो तोडतो. आपल्याकडे भारतात घरात याच कामासाठी जी ईएलसीबी लावतात ती बहुधा ३० मिलीअँपची असते, हा तिच्यापेक्षा कितीतरी हळवा. आता साधा ब्रेकर धरा १५ अँपचा. म्हणजे १५,००० मिलीअँप. ५ मिलीअँप पाण्यात पाझरले काय किंवा ५०० पाझरले काय, त्याला पत्ताच लागणार नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणूस मरू नये म्हणून नाही. १० ते १५ मिलीअँपला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेलं सुटत नाही. जमिनीवर माणूस निदान ओरडतो तरी. पाण्यात हातपाय चालेनासे होतात आणि तो गुपचूप बुडतो, बघणाऱ्याला वाटतं दमला असेल.

जीएफसीआय म्हातारे होतात हे खरं, पण त्याची परीक्षा वेगळी. जंक्शन बॉक्समध्ये, म्हणजे तारा जोडलेल्या पेटीत, दिव्याकडून आलेली केबल सोडवायची आणि मग रीसेट करायचा. तरी उडाला तर दोष बॉक्सच्या अलीकडे, जीएफसीआयमध्ये किंवा तिथवरच्या वायरिंगमध्ये. बसून राहिला तर दोष केबलमध्ये किंवा दिव्यात. तू सांगतोस त्यावरून माझी पैज दिव्यावर: पेटतो, तापतो आणि दोन-तीन सेकंदांनी त्यातून करंट गळायला लागतो. आत पाणी शिरलं असणार.

१२० व्होल्टचं काम आहे, बॉक्स तू उघडू नकोस. परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलव. मी येतो, नुसता उभा राहीन.

---

प्रेषक: चँडलरकर
सोमवार, रात्री १०:४८

काका, मागे घेतला. आमच्याकडे तसंच जोडलेलं आहे गेली दोन वर्षं. आत्ताच जाऊन ब्रेकर पाडून आलो. त्या इलेक्ट्रिशियनला आमच्याकडेही पाठवा.

---

प्रेषक: टेंपीच्या काकू
मंगळवार, सकाळी ७:३०

दुधाचं कुणीच बोलत नाही.

---

प्रेषक: गिल्बर्टकर
शुक्रवार, रात्री ११:१०

मंडळी, वृत्तांत.

काल सकाळी इलेक्ट्रिशियन आला. काका त्याच्या आधी येऊन, खुर्ची टाकून, चहा घेऊन बसले होते. बॉक्समधल्या काळी, पांढरी, हिरवी अशा तिन्ही तारा सोडवल्या आणि रीसेट केलं. जीएफसीआय गपचूप बसून राहिला. काका काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं.

मग ब्रेकर बंद करून, तारेत वीज नाही हे मीटरने तपासून, दिवा बाहेर काढला. कडीच्या माथ्यावर एकच स्क्रू. मला वाटायचं दिवा भिंतीत पक्का बसवलेला असतो. तसं काही नाही. मागच्या कोनाड्यात मुद्दामच पाणी असतं, आणि तिथे केबलचं वेटोळं ठेवलेलं असतं, म्हणजे दिवा ओढून काठावर आणता येतो. वेटोळं सुटत सुटत वर आलं, तसा दिवाही आला, आणि काचेच्या आत निम्म्यापर्यंत पाणी! गंजाने तांबूस झालेलं, हलवलं की आत डचमळत होतं. ५०० वॅटचा बल्ब त्यात मानेपर्यंत बुडालेला.

कारण हाताला लागलं ते रबरी गॅस्केट. चपटं झालेलं, एका जागी मुडपलेलं. दोन वर्षांपूर्वी बल्ब बदलून घेतला होता, तेव्हा त्या माणसाने जुनंच गॅस्केट परत बसवलं. दिवा उघडला की ते नवं घालायचंच असतं म्हणे. काही डॉलरची रिंग.

आतलं सॉकेट गंजल्यामुळे अख्खा दिवाच बदलला. केबल पाण्यात कुठेही जोडायची नसते, दिव्यापासून बॉक्सपर्यंत एकसंध लागते, म्हणून ५० फुटी केबलवाला एलईडी आणला. जुन्या केबलच्या शेपटाला नवी बांधून पाइपातून ओढली. एका वळणावर अडकली ती वीस मिनिटं हलेना. शेवटी मी एका टोकाला ढकलतोय, इलेक्ट्रिशियन दुसऱ्या टोकाला खेचतोय आणि काका मधे उभे राहून मराठीतून दोघांना हुकूम सोडतायत. त्याला सगळं समजलं.

टेंपीच्या काकू, सहा गॅलन आणा. केशर आमच्याकडे आहे, वेलची नाही.

आता एकच भानगड उरली आहे. दिवा रंगीत निघाला. लावला की आधी निळा, मग हिरवा, मग जांभळा होत राहतो. पांढऱ्यावर थांबवायला स्विच ठरावीक वेळा भराभर चालू-बंद करायचा असतो. किती वेळा, ते पुस्तिकेत आहे, आणि पुस्तिका मी खोक्यासकट रिसायकलिंगमध्ये टाकली. तासभर खटाखट चालू आहे, सध्या जांभळ्यावर अडकलोय. कुणाकडे असाच दिवा असेल तर उद्या पाचच्या आत फोन करा, नाहीतर दूध जांभळं दिसेल.