ओपन पार्किंग म्हणजे नक्की कुणाचं?

बी-304: काल रात्री साडेअकराला ड्युटीवरून आलो, तर माझ्या 14 नंबरच्या पार्किंगवर पुन्हा तीच पांढरी क्रेटा. मागचं चाक पिवळ्या पट्ट्यावर. माझी गाडी रात्रभर रस्त्यावर. कुणाचे पाहुणे आहेत?

ए-702: काका, ती ओपन पार्किंग आहे ना? ओपन म्हणजे सगळ्यांना खुली. सोसायटीची नोटीस वाचा, "ओपन" असंच लिहिलंय.

बी-304: ओपन म्हणजे वर छप्पर नाही. जागा कमिटीने मला दिली आहे. दर महिन्याला पार्किंगचे पैसे भरतो, उगाच नाही.

सी-101: सुप्रभात 🙏 सी विंगला पाणी कधी सोडणार?

ए-702: ओपन जिममध्ये कुणाचा नंबर असतो का? ओपन म्हणजे सगळ्यांसाठी.

ए-201: 702, मग तुमच्या गॅलरीतही येऊ का? तीही ओपनच आहे 😄

बी-502: वकील म्हणून सांगते. 2016 च्या रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डर-ग्राहकांसाठीच्या कायद्यात, गॅरेज म्हणजे वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. ओपन पार्किंग गॅरेजमध्ये धरत नाहीत, ते कॉमन एरियात येतं. पण वाटप कमिटीच करते. जागेपेक्षा गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत आहे.

ए-702: तेच म्हणतोय ताई. कॉमन. म्हणजे सगळ्यांचं.

बी-502: जिनाही कॉमन आहे. म्हणून तिथे कपाट ठेवाल?

सी-101: बी विंगच्या जिन्यात शू-रॅक कुणाचे आहेत, सांगू का?

बी-502: माझा नाही. आधी बघून या, मग लिहा.

ए-304: ताई, आम्ही स्टिल्टसाठी, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या पार्किंगसाठी, बिल्डरला वेगळे पैसे मोजले होते, त्याचं काय?

बी-502: सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय, स्टिल्ट हे गॅरेज नाही, बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही. तुमचे कागद बघावे लागतील.

ए-304: म्हणजे आम्ही मूर्ख?

सेक्रेटरी: कृपया शांत राहा. नोटिशीत "ओपन" मी लिहिलं ते उन्हातल्या जागांसाठी. नवीन नोटिशीत "बिनछपराची, नंबर दिलेली जागा" असं लिहितो. पाहुण्यांनी गेटजवळ, विजेच्या डीपी बॉक्सच्या बाजूला गाडी लावावी.

ए-702: मेहुण्यांना गाडी काढायला सांगतो. पण ओपन म्हणजे ओपनच.

बी-304: काढली की फोन करा, लगेच खाली येतो. रस्त्यावर टोइंगवाले फिरतात.

ए-304: सेक्रेटरी साहेब, स्टिल्टचा विषय या जीबीच्या, म्हणजे सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर घ्या. लेखी अर्ज आजच देतो.