85 हजार आणि पासपोर्ट मागतायत, देऊ का? सोमवारपर्यंत सांगायचंय

खाडीपट्टा_87 (शुक्रवार, रात्री 10:42)
नमस्कार मंडळी. जरा लवकर मदत हवीय. माझं सिलेक्शन झालंय, पगार 1,800, राहणं फ्री, जेवण आपलं आपण. एजंट म्हणतो सोमवारी पासपोर्ट आणि 85 हजार मुंबईच्या ऑफिसला आणून दे, पंधरा दिवसांत उडवतो. पैशाची सोय होतेय म्हणजे बायकोचं आहे ते ठेवून. फक्त एवढंच सांगा की 85 हा रेट बरोबर आहे का, कारण आमच्या बाजूच्या वाडीतला एक 70 मध्ये गेला आणि दुसरा सव्वा लाख देऊन गेला. उपदेश नको प्लीज.

नाना_चिपळूण
1,800 काय? रुपये, रियाल, दिरहम? देश कुठला, काम कसलं, शिक्षण किती? अर्धं पोटात ठेवून विचारलंत तर आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

खाडीपट्टा_87
दुबई. एसीचं काम. बाकी काय सांगायचं त्यात, सगळे जातात तसाच मी पण जातोय.

बुरदुबई_ते_बुरंबाड
मी 94 ला गेलो तेव्हा एजंटला 12 हजार दिले होते, ते पण चुलत्याने त्याच्या ओळखीने. देरात एका खोलीत नऊ जण, रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच गादीवर. पण बावीस वर्षं काढली, घर बांधलं, दोन पोरींची लग्नं केली. हल्लीच्या पोरांना जायच्या आधीच सगळं लिहून हवं असतं. भावा, जा बिनधास्त. गेल्याशिवाय कळत नाही.

कागदोपत्री
काका, 94 चा जमाना वेगळा होता. धागाकर्ते, सरकारी नियमाने रजिस्टर्ड एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी एवढंच घेता येतं, म्हणजे 35,400, आणि तेही पावती देऊन. रेट 85 आहे की 70 हा प्रश्नच नाही. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव टाका, रजिस्टर्ड असेल तर आरसी नंबर, म्हणजे रजिस्ट्रेशनचा नंबर, आणि त्याची मुदत दोन्ही दिसतं.

बुरदुबई_ते_बुरंबाड
कागदावर 30 असेल हो. मला एक माणूस दाखवा जो 30 मध्ये गेलाय.

कागदोपत्री
माझा सख्खा मेव्हणा. कतारला, एक रुपया न देता, कंपनीने तिकीट पाठवलं. यूएईच्या कायद्याने पण भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, कामगाराकडून घ्यायचा नसतो.

बुरदुबई_ते_बुरंबाड
मेव्हण्याचं नशीब सगळ्यांना नसतं.

पैसापाणी
एक महत्त्वाचं कोणीच सांगत नाहीये. तिकडे गेल्यावर लगेच एनआरई खातं, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं, उघडून घ्या, त्याच्या व्याजावर भारतात टॅक्स लागत नाही. साध्या सेव्हिंगमध्ये पैसे पाठवत राहू नका, ते खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथलं साधं खातं, करून घ्यावं लागतं. मी हे उशिरा केलं आणि पस्तावलो.

नाना_चिपळूण
अहो आधी माणूस विमानात तर बसू द्या, मग व्याजाचं बघू.
खाडीपट्टा, दहावी पास आहात का? पासपोर्ट उघडून बघा, त्यावर ईसीआर, म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, असं काही छापलंय का?

खाडीपट्टा_87
नववीतून सोडली. शेठकडे हाताखाली लागलो, अकरा वर्षं झाली, विंडो, स्प्लिट, कॅसेट सगळं करतो. पासपोर्टवर छापलंय एमिग्रेशन चेक की काय ते. त्याने काय फरक पडतो?

लाटांवर
काही फरक पडत नाही. माझा भाऊ गेला, त्याला कोणी विचारलं पण नाही. ते दहावी पास असलं की आपोआप ईसीएनआर, म्हणजे चेकची गरज नाही, असं होतं.

कागदोपत्री
आपोआप काही होत नाही, पासपोर्ट काढताना मार्कशीट जोडावी लागते, मग तो शिक्का येत नाही. आणि हा माणूस दहावी नाही म्हणतोय, वाचा तरी. ईसीआरवाल्याला नोकरीसाठी यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान अशा 18 देशांत जायचं असेल तर ई-मायग्रेटवरून क्लिअरन्स लागतो. त्यात नोकरीचा करार येतो, प्रवासी भारतीय विमा येतो, 10 लाखांचा, दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये. एजंटने यातलं काही काढलंय का तुमच्यासाठी?

खाडीपट्टा_87
तो म्हणतो त्याची गरज नाही, व्हिजिट व्हिसावर पाठवतो आणि तिथे गेल्यावर कंपनी वर्क परमिट करून देते. एअरपोर्टवर कोणी विचारलं तर बहिणीकडे फिरायला चाललो सांगायचं. तेव्हाच जरा डोक्यात आलं होतं पण म्हटलं सगळ्यांचं असंच असेल.

नाना_चिपळूण
आता बोललात! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं ना राव. बहीण आहे का दुबईला?

खाडीपट्टा_87
नाही. बहीण लांज्याला आहे.

दाभोळचा_दर्यावर्दी
भाईजान, व्हिजिटवर काम करणं तिथे गुन्हा आहे. आमच्या मोहल्ल्यातला एक असाच गेला, कंपनीने दोन महिने वापरून घेतला, पगार मागितला तर म्हणाले तू कोण, आमच्या रेकॉर्डला तुझं नावच नाही. तक्रार कुठे करणार, स्वतःच बेकायदेशीर. शेवटी गावातल्या लोकांनी वर्गणी काढून तिकीट पाठवलं. आणि इथून सुटताना इमिग्रेशनला ईसीआर बघून अडवलं तर ते 85 गेलेच समजा. पासपोर्ट दिलाय का हातात?

खाडीपट्टा_87
नाही, झेरॉक्स दिलीय. 10 हजार टोकन दिलंय, त्याची पावती नाही.

स्वदेशी_कूलिंग
मी म्हणतो जायचंच कशाला? रत्नागिरीत एसीवाला शोधायला गेलं तर मे महिन्यात चार चार दिवस फोन उचलत नाहीत. दुकान टाका. 85 हजारात हत्यारं, गेज, व्हॅक्यूम पंप, सेकंडहॅंड गाडी होते. मी एमआयडीसीजवळ सहा वर्षं करतोय.

लाटांवर
आणि पावसाळ्याचे चार महिने काय खायचं? कोकणात धंदा सांगणं सोपं आहे.

स्वदेशी_कूलिंग
पावसाळ्यात फ्रीज बंद पडत नाहीत का? वॉशिंग मशीन शिका.

बुरदुबई_ते_बुरंबाड
दुकानाला उधारी मारते. सगळे ओळखीचे, कोणाला पैसे मागणार.

नाना_चिपळूण
तुमचा धंदा-उधारीचा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या.
खाडीपट्टा, इंटरव्ह्यू कोणी घेतला? कंपनीचा माणूस होता?

खाडीपट्टा_87
कुर्ल्याला एका गाळ्यात. एक कोट घातलेला होता, तो कंपनीचा म्हणाले. दोन तांब्याच्या नळ्या दिल्या, ब्रेझिंगने जोडून दाखव म्हणाला. केलं. त्याने मोबाइलवर फोटो काढला, म्हणाला पास. लाइनीत आणखी सोळा-सतरा पोरं होती, सगळी पास.

स्वदेशी_कूलिंग
जॉइंट तपासला कसा? नायट्रोजन भरला? साबणाचं पाणी तरी लावलं?

खाडीपट्टा_87
नाही लावलं. जॉइंट गरम होता अजून, हात पण लावला नाही त्याने.

स्वदेशी_कूलिंग
मग तो कंपनीचा माणूस नव्हे. मी पोरगा ठेवायचा तर आधी लीक बघतो, नंतर त्याचं नाव विचारतो.

खाडीपट्टा_87 (शनिवार, सकाळी 7:15)
हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. शेठ मला साबण लावल्याशिवाय पाइपवर टेप गुंडाळू देत नाही. रात्रभर तेच डोक्यात.

कागदोपत्री
आरसी नंबर मागा. द्यायला कचरले की समजा. 10 हजाराचं ऑनलाइन दिलं असेल तर स्क्रीनशॉट जपून ठेवा, मुंबईला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याचं, ऑफिस आहे, तिथे लेखी तक्रार करता येते, आणि पोलिसात पण.

खाडीपट्टा_87 (सोमवार, दुपारी 3:50)
फोन केला. नंबर विचारला तर म्हणाला ऑफिसला ये, भिंतीवर लावलाय. म्हटलं फोटो पाठवा. म्हणाला नेट स्लो आहे. मग पावतीचं विचारलं तर म्हणाला या धंद्यात पावती नसते, विश्वास असतो. फोन ठेवला. गेलो नाही. टोकन गूगल पेने दिलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, तक्रारीचं उद्या बघतो. बायकोला अजून 10 चं सांगितलेलं नाही.

पैसापाणी
एनआरई खात्याचं मग राहू द्या सध्या.

बुरदुबई_ते_बुरंबाड
माझा एक जुना मित्र अजून शारजात मेंटेनन्स कंपनीत आहे, त्याला विचारून बघतो, खात्री नाही. पण व्हिजिटवर नाही, कंपनी व्हिसावरच. बायोडाटा पाठव.

साळवी_स्टॉप
अवांतर आहे पण विचारतेच. तुम्ही रत्नागिरीचेच ना? आमचा एसी गळतोय, आतून भिंतीवर पाणी येतं, आठ दिवसांत कोणी आलं नाही.

खाडीपट्टा_87
कुठल्या कंपनीचा, किती टनचा, किती वर्षं झाली ताई? आणि पाणी लावल्या लावल्या येतं की तासाभराने? फिल्टर शेवटचा कधी धुतला?

साळवी_स्टॉप
फिल्टर धुवायचा असतो?