गिटारसाठी बॅग की हार्ड केस? (अनुभव धागा)

धागाकर्ता: दुकानदार फोमची जाडी सांगून मोकळा होतो. वापरणाऱ्यांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी मापं, बिघाड, उपाय लिहा. ब्रँडची भांडणं कृपया दुसऱ्या धाग्यावर.

खुंटी: जाडी नंतर, आधी टेप घ्या. एकूण लांबी, बॉडीची लांबी, वरच्या आणि खालच्या फुगवट्याची रुंदी, तळाकडची जाडी. ड्रेडनॉट (मोठ्या बॉडीची, पोलादी तारांची) साधारण १०४ सेंमी लांब आणि खाली ४० सेंमी रुंद. क्लासिकल (नायलॉनच्या तारांची) १०० आणि ३७. म्हणून ड्रेडनॉटच्या केसमध्ये क्लासिकल खुळखुळते.

दुरुस्तीला येणारी सगळ्यात वाईट मोडतोड म्हणजे नटच्या (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) मागे तुटलेला हेडस्टॉक (खुंट्या बसवलेला वरचा भाग), आणि बाहेर केसला ओरखडाही नसतो! लेस पॉलसारख्या इलेक्ट्रिक गिटारींचा हेडस्टॉक १४ ते १७ अंश मागे कललेला असतो, तिथे लाकडाचे तंतू तिरके कापले जातात. उभी केस पाठीवर आडवी झाली की खुंट्यांच्या वजनाने हेडस्टॉक मागे झटका खातो. त्यामुळे आधार नेकखाली हवा आणि हेडस्टॉक अधांतरी हवा. केस बंद करून हळूच हलवा. 'ठक' ऐकू आलं तर बॉडीच्या बाजूंना आणि नेकखाली टॉवेल भरा, हेडस्टॉकखाली मुळीच नाही. ब्रिजवर (बॉडीवर तारा अडकवायची पट्टी) कागदाची पट्टी ठेवून झाकण लावा, बाहेर राहिलेलं टोक ओढा. पट्टी अडकली तर झाकण ब्रिज दाबतंय, ती केस घेऊ नका.

आणखी एक: झाकण नुसतं टेकवून ठेवायची सवय मोडा, एक तरी खटका लावाच. कुणीतरी हँडल धरून उचलतं आणि गिटार थेट फरशीवर.

लोकलवाला: हे सगळं खरं, पण चार-पाच किलोची प्लायवुडची केस घेऊन संध्याकाळी सहाला दादरला चढून दाखवा. रोजच्याला २० मिमी फोमची बॅगच. तिचा तळ बघा: स्ट्रॅप बटणाखाली (पट्टा अडकवायचं, बॉडीच्या तळाचं बटण) रबराची किंवा जाड चामड्याची पट्टी नसेल तर बटण फोम कापत खाली उतरतं, मग बॅग टेकवली की दणका सरळ बॉडीच्या आतल्या लाकडी ठोकळ्याला. चेन १० नंबरची घ्या, ५ नंबरची वळणावर दात सोडते. कापड वॉटरप्रूफ असलं तरी पाणी शिवणीतून येतं, रेन कव्हर वेगळं लागतंच. पाठीवर असताना हेडस्टॉक डोक्याच्या वर जातो. दारातून शिरताना बॅग पुढे घ्या.

दमट कोकण: पावसाळ्यात बंद केस म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज. ओल अस्तरात मुरते आणि बुरशी धरते. आत हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायचं मीटर) ठेवा, ४५ ते ५५ टक्के हवं. मीटर आधी तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ, ओल्या वाळूइतपत पाणी, ते झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात रात्रभर. ७५ दिसायला हवं. ७० दिसलं तर पुढे दर वेळी ५ मिळवा.

धागाकर्ता: सिलिका जेल किती घालता?

दमट कोकण: ५० ग्रॅमच्या दोन कापडी थैल्या, एक हीलजवळ (नेक बॉडीला जोडतो तिथे), एक नेकखालच्या कप्प्यात. रंग बदलला की दाणे ताटलीत ओतून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास. आकडा ४५ च्या खाली गेला की काढून टाका.

वऱ्हाडी: आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये उलटं. फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) टोकं बोटाला बोचू लागली म्हणजे त्याखालचा लाकडी बोर्ड सुकून आकसलाय. सिलिका बाहेर, ओलावा देणारी पाकिटं आत. आणि उन्हात उभ्या गाडीत केस नको, कोणतीच नको. साधारण ६५ अंशांच्या आसपास सरस सैल पडून ब्रिज उचलतो.

शिकागोकर: अमेरिकेत २०१५ पासून नियम आहे: चढताना वरच्या कप्प्यात जागा असेल तर गिटार केबिनमध्ये घेऊ द्यावी लागते. म्हणून बॅग घ्या आणि लवकर चढा. सामानात टाकायचीच असेल तर हार्ड केस, तारा दोन सूर उतरवून. भारतातून निघताना खिशातली पक्कड आणि वायर कटर चेक-इनच्या बॅगेत टाका, नाहीतर सिक्युरिटीला जप्त होतात.