गोंडी भाषा मागे पडली ती इंग्रजांमुळे की आपल्यामुळे?

वैनगंगाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, 'आदिवासी भाषा इंग्रजांनी संपवल्या, आपण तर त्यांना शाळा दिल्या.' गप्प बसवेना म्हणून लिहितोय. १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारचं झालं, फिरत्या शेतीवर गदा आली, हे खरंच. पण पुढे? १९५६ ला तेलुगूचं राज्य झालं, १९६० ला आपलं. गोंड मात्र वेगवेगळ्या राज्यांत विखुरले, आणि शाळा सगळीकडे दुसऱ्याच्याच भाषेत. वर्गात गोंडी बोलली म्हणून माझ्या आईने छड्या खाल्ल्यात. मारणारे गुरुजी मराठीच होते.

जुनाजाणता: एका छडीवरून सगळ्या मराठी माणसांना आरोपी करू नका. उमेदीची वर्षं मी गडचिरोलीत भामरागडकडे शिकवण्यात घातली. पोरांना माझं कळेना, मला त्यांचं. तरी त्यातली काही आज तलाठी आहेत, नर्स आहेत, ती मराठी आली म्हणूनच. आणि मराठीचं कोण बघतंय? पुण्यात पटसंख्येअभावी मराठी शाळा बंद पडतायत!

पळसफूल: पुणं कुठून आलं मध्येच? मराठीला राज्य आहे, २०२४ पासून अभिजात दर्जा आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर, आसामातली बोडो बोलणारे १५ लाखांच्या आत. बोडो २००३ ला आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत गेली. गोंडी अजून बाहेर.

सातपुडेकर: गोंडीची लिपी कोणती ते आधी ठरवा.

पळसफूल: मसराम लिपी १९१८ ची. गुंजाला लिपीची हस्तलिखितं आदिलाबादकडे सापडली. दोन्ही युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात आहेत.

सातपुडेकर: आणि गावातल्या पोराला दोन्ही वाचता येत नाहीत. देवनागरी घ्या, बोडोंनी घेतलीच की.

वैनगंगाकाठ: घेतली? त्यांना रोमन हवी होती! १९७४-७५ च्या आंदोलनात गोळीबारात माणसं गेली, तेव्हा देवनागरीवर तडजोड झाली. आणि देवनागरीत लिहिलं की तुम्हीच गोंडीला मराठीची बोली म्हणाल. ती द्राविड कुळातली आहे, हे अजून सांगत बसावं लागतं.

सातपुडेकर: बरं, बोडोंचं ते मला माहीत नव्हतं. तरी पोरांचा प्रश्न तिथेच आहे.

जुनाजाणता: गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी शाळा काढली आणि शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवलं, हे चुकलंच. तेवढं मान्य. पण शिक्षक टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास तर हवेत ना?

वैनगंगाकाठ: टीईटीत उर्दू चालते, तेलुगू चालते, कन्नड चालते. गोंडी का नाही?